किती तास?

आमच्या घरात भिंतीवर शेजारी-शेजारी दोन घड्याळं आहेत. एक आमचं, दुसरं ताईचं. ताई न्यूयॉर्कला गेली त्याच आठवड्यात आईने दुसरं लावून घेतलं. पांढरी तबकडी, काळे काटे, खाली ना शहराचं नाव ना चिठ्ठी. पाहुण्यांना वाटतं, एक घड्याळ बिघडलंय. कुणी तसं बोलून दाखवलं तर आई नुसती "हो" म्हणते. जाता-येता दिवसातून दहा वेळा ती त्या घड्याळाकडे बघते आणि स्वतःशीच पुटपुटते, "आत्ता कुठे उठली असेल," नाहीतर "झोपली असेल, आता फोन नको."

किलोमीटर हा प्रकार आईच्या मनात कधी बसलाच नाही. कुठल्याही ठिकाणाचं नाव निघालं की तिचा प्रश्न एकच: "किती तास?" लहानपणी मला वाटायचं, तिला भूगोल येत नाही म्हणून ती असं विचारते. आता वाटतं, तिचं मोजमाप आपल्या भाषेइतकंच जुनं आहे. मजल म्हणजे एका दिवसात चालून होईल तेवढी वाट. मजल दरमजल करत जाणाऱ्याला किती कोस झाले यापेक्षा दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचतो की नाही, याची काळजी असायची. हाकेचं अंतर म्हणजे किती फूट, हे कुणी मोजून ठेवलेलं नाही. हाक मारली आणि माणसाने वळून बघितलं, एवढंच ते अंतर.

काही वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात ताईचं ऑपरेशन अचानक ठरलं. फोन तिचाच होता. सगळं नीट सांगून झाल्यावर ती म्हणाली, "येशील का?" ताईने आजवर मला "ये" म्हटलं होतं, "येशील का" असं कधी विचारलं नव्हतं. घाईत मिळालं ते तिकीट सिंगापूरमार्गे होतं. पहिला टप्पा सिंगापूरपर्यंत, आणि तिथून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सलग, मध्ये कुठेही न उतरता. ऑपरेशन पुढे ढकलता येणार नव्हतं. म्हणजे मी हवेत असतानाच ते होणार होतं.

आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपला नसता, हे तिलाही ठाऊक होतं. ती रडली नाही, हट्टही केला नाही. फक्त विचारलं, "किती तास?"

त्या रात्री झोप येईना म्हणून मी सिंगापूर आणि न्यूयॉर्क या दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं. उत्तर आलं १५,३४९ किलोमीटर. एवढा मोठा आकडा इतक्या पटकन समोर आला की त्याच्यावर विश्वास बसेना. मग मी एक जुनं पाकीट उलटं करून पेन्सिलीने स्वतःच हिशोब मांडला, आणि त्या हिशोबानेच मला पहिल्यांदा हा प्रवास खऱ्या अर्थाने दिसला.

सिंगापूरचा विमानतळ विषुववृत्ताच्या जवळजवळ अंगावर आहे, उत्तरेला जेमतेम १.३६ अंश. जेएफके ४०.६४ अंश उत्तरेला. सिंगापूर पूर्वेकडे १०४ रेखांशावर, न्यूयॉर्क पश्चिमेकडे ७३.८ रेखांशावर. या दोन रेखांशांची बेरीज होते १७७.८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. कलिंगडाच्या एका फोडीवर एक आणि बरोबर पलीकडच्या फोडीवर दुसरं. अशा दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट पूर्वेला जात नाही, पश्चिमेलाही नाही. ती देठावरून जाते. सिंगापूरपासून उत्तर ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्कपर्यंत खाली ४९.३६ अंश, बेरीज बरोबर १३८. एका अंशाला साधारण १११.२ किलोमीटर धरले की होतात १५,३४५.

पाकिटाच्या मागे पेन्सिलीने केलेला हिशोब आणि संगणकाचं उत्तर यांत फरक फक्त चार किलोमीटरचा! तोही का पडतो याचं कारण आहे. पृथ्वी नितळ गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. शिवाय वाट अगदी ध्रुवाच्या टोकावरून जात नाही, सुमारे पावणेतीनशे किलोमीटर बाजूने जाते. पण मला त्या फरकाशी कर्तव्य नव्हतं. मी बराच वेळ त्या वाटेकडेच बघत राहिले. इतकी वर्षं ताई "पश्चिमेला" आहे असं आम्ही मानत आलो. फोन करताना आई खिडकीत पश्चिमेकडे तोंड करून उभी राहते. आणि जगाच्या या भागातून ताईकडे जाणारी सगळ्यात सरळ वाट चक्क उत्तरेला, बर्फावरून जाते. भूगोलाच्या पुस्तकात या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. शाळेत व्याख्या पाठ केली होती. अर्थ त्या रात्री कळला.

आणखी एक गोष्ट त्या पाकिटावर लक्षात आली. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही, कारण परिघच ४०,००० च्या आसपास आहे. निम्म्याच्या पलीकडे गेलात की तुम्ही परत यायला लागता. स्पेन आणि न्यूझीलंड असे एकमेकांच्या पायाखाली आहेत. इंडोनेशियातलं पालेंबांग आणि कोलंबियातलं नेइवा ही शहरंही तशीच. अशा ठिकाणाहून समोरच्या ठिकाणी जायला कुठल्याही दिशेला तोंड करून निघा, अंतर जवळपास तेवढंच. माणूस इतका दूर गेला की सगळ्याच दिशा त्याच्याकडे जाणाऱ्या होतात, ही कल्पना मला त्या रात्री फार आधाराची वाटली.

मी खाली येऊन आईला सांगितलं, "साडेअठरा तास. सिंगापूरपासून." ती जागीच होती. तिने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "मधे काही झालं तर उतरायला जागा असते ना?"

असते. मार्ग आखतानाच ती बघावी लागते. दोन इंजिनांच्या विमानाने कुठल्याही क्षणी उतरण्याजोग्या विमानतळापासून ६० मिनिटांच्या आतच राहायचं, असा नियम अमेरिकेत १९५३ पासून होता, तोही एकाच इंजिनावर उडायची वेळ आली असं धरून. त्या काळच्या इंजिनांवर तेवढाच भरवसा होता. त्यामुळे मोठे समुद्र तीन-चार इंजिनांच्या विमानांसाठी राखीव राहिले. इंजिनं सुधारली तशी ही मुदत वाढली. १९८५ मध्ये १२० मिनिटं झाली, आणि २०१४ मध्ये युरोपच्या नियामकाने एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी दिली. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान याच जातीचं. मी आईला म्हटलं, "एक इंजिन बंद पडलं तरी सहा तास उडण्याइतका विश्वास आहे त्यावर." तिने सहा हा आकडा मनात कुठेतरी ठेवून दिलेला मला दिसला.

याच मार्गाची गोष्ट मला नंतर कळली. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कशेजारच्या नुअर्कपर्यंत सलग उड्डाण सुरू केलं, चार इंजिनांच्या ए३४०-५०० विमानाने. एवढ्या लांबच्या उड्डाणाचं दुखणं असं की विमान सुरुवातीचे कित्येक तास पुढे लागणारं इंधनच वाहून नेत असतं, आणि ते वाहण्यासाठीही इंधन जाळत असतं. चार इंजिनांना ते परवडेना. २०१३ मध्ये उड्डाण बंद झालं. पुढची पाच वर्षं ही दोन शहरं एकमेकांपासून पुन्हा लांब गेली. जमीन तिथेच, समुद्र तोच, आणि मध्ये उतरायची सक्ती परत आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या, जादा इंधन घेणाऱ्या ए३५० ने ती वाट पुन्हा उघडली. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि माणसं फक्त १६१. जेएफकेपर्यंतचं उड्डाण नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं.

त्या १६१ मध्ये मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने मी खिडकीशी बसले. सिंगापूरला उतरल्यावर मनगटावरचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलं होतं. न्यूयॉर्कची वेळ लावायची म्हणून काटे फिरवायला गेले आणि थांबले. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात. तो रविवार नुकताच होऊन गेला होता. त्यानंतर सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यात बरोबर बारा तासांचं अंतर राहतं. म्हणजे काटे तिथेच! इथे रात्रीचे साडेबारा, तिथे दुपारचे साडेबारा. आता ताईला खाली नेत असतील. काट्यांना हात न लावता माझं घड्याळ त्या क्षणापासून ताईचं झालं.

समोरच्या पडद्यावर मी नकाशा लावला आणि शेवटपर्यंत दुसरं काही बघितलं नाही. पाकिटावरच्या हिशोबाप्रमाणे विमानाने उत्तरेला तोंड करायला हवं होतं. ते ईशान्येला निघालं. फिलिपिन्स डावी-उजवीकडे ठेवत, तैवानच्या पूर्वेकडून, जपानच्या दिशेने. ध्रुवाकडे नाहीच. २०१८ मध्ये शेजारच्या नुअर्कचं उड्डाण पुन्हा सुरू करताना कंपनीनेच मार्गाची लांबी सुमारे १६,७०० किलोमीटर सांगितली होती. म्हणजे पेन्सिलीच्या रेघेपेक्षा तेराशे-चौदाशे किलोमीटर जास्त. जाणूनबुजून एवढा वळसा, आणि तोही लवकर पोचण्यासाठी!

कारण वारा. जपानच्या वर, नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला पश्चिमेकडून पूर्वेकडे हवेची एक नदी वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. ती पहिल्यांदा नीट मोजली वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. टोक्योच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेचे ते प्रमुख होते. १९२० च्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी हवेत लहान फुगे सोडायचे आणि थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या उपकरणाच्या दुर्बिणीतून, फुगा दिसेनासा होईपर्यंत, त्याचा माग काढायचे. असं एकदा-दोनदा नाही, हजाराहून अधिक वेळा. त्यांना वर ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरातला वारा सापडला. एवढा वारा असू शकतो यावर तेव्हा कुणाचा विश्वास बसला नसता. ओइशींना वाटलं, ही गोष्ट साऱ्या जगाने वाचावी. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आपला अहवाल एस्परांतोमध्ये छापला, साऱ्या माणसांची म्हणून मुद्दाम घडवलेल्या भाषेत. आणि नेमका त्यामुळे तो जवळजवळ कुणीच वाचला नाही.

या माणसाबद्दल वाचल्यापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही. साऱ्या जगाला कळावं म्हणून त्याने साऱ्या जगाची भाषा निवडली आणि जगाचं लक्षच नव्हतं. पुढे १९४४-४५ मध्ये त्याच वाऱ्यावर जपानने नऊ हजारांवर फुगे बॉम्ब बांधून अमेरिकेकडे सोडले. त्याच सुमारास जपानवर आलेल्या अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना वर असा वारा लागला की नेम धरणं अशक्य व्हावं. ज्या गोष्टीने आज मला ताईकडे लवकर नेलं, तिचा पहिला मोठा उपयोग माणसं मारण्यासाठी झाला. ओइशींच्या फुग्यांना मात्र कधी काही बांधलेलं नव्हतं.

पडद्यावर वेग दिसत होता. जपानच्या पूर्वेला आलो तेव्हा ताशी १,०८०, बाहेरचं तापमान उणे ५६. या थंडीत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो, आणि विमान हवेतून त्याच्या ८५ टक्के वेगाने जातं, म्हणजे ताशी साधारण ९००. उरलेलं सगळं पाठीवर हात ठेवून ढकलणाऱ्या वाऱ्याचं. नावाडी प्रवाहाला लागला की नुसतं सुकाणू धरून बसतो, तसं. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीवरून बघाल तर त्याचा वेग ध्वनीच्याही पुढे, ताशी १,३०० किलोमीटरच्या वर. हवेतून बघाल तर रोजच्याइतकाच. त्याच वाटेने उलटं येणाऱ्यांना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो, आणि त्यांचे सात-आठ तास जातात.

अनेकांना वाटतं की हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो. मलाही वाटायचं. पण हवा पृथ्वीसोबतच फिरते, विमान त्या हवेत असतं. चालत्या गाडीत हवेत उडी मारली म्हणून आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. फरक पाडतो तो वारा.

आणि माणसंही पाडतात. हेलसिंकी ते टोक्यो हे अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास. अनेक वर्षं फिनलंडची विमानं रशियावरून नऊ-साडेनऊ तासांत तिथे पोचत होती. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश बंद झालं आणि त्याच दोन शहरांमध्ये तेरा तास लागायला लागले. विमानं पुन्हा उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली, जशी १९८३ मध्ये सोव्हिएत आकाश बंद असताना जात होती. किलोमीटर विचारलेत तर एकाचाही फरक नाही. आईचा प्रश्न विचारलात तर ती शहरं जवळजवळ दीडपट लांब गेली.

विमानात इंटरनेट होतं. मी ते लावलं नाही. पडद्यावर काय येईल याची भीती वाटत होती. पहिल्या काही तासांत काहीच कळणार नव्हतं, आणि नंतर काय कळेल याला सामोरं जायचं बळ माझ्यात नव्हतं. बाजूची बाई झोपली होती. खिडकीच्या मधल्या काचेला, खालच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. काचांमधल्या फटीतला हवेचा दाब विमानाच्या आतल्याइतकाच राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. त्या भोकाभोवती हिमाची एक फुलकळी धरली होती, पाकळ्या मोजता येतील इतकी स्पष्ट. तिच्याकडे बघत मी बसले. निघून पाच तास होत आले तेव्हा ती कळी आधी करडी झाली, मग गुलाबी, मग एकदम पेटल्यासारखी. सूर्य उगवला होता.

ताईच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजत होते. माझ्याही.

तो दिवस सहा तासांचा होता. आम्ही पूर्वेला पळत होतो आणि सूर्य समोरून येऊन डोक्यावरून झपाट्याने मागे चालला होता. मध्येच कुठेतरी १८० रेखांश ओलांडला आणि आजची तारीख कालची झाली. कुणी काही बोललं नाही, घोषणाही झाली नाही. सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जाणारं विमान अर्ध्या-पाऊण तासात पोचतं, पण उतरतं आदल्या दिवशी. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर ही तारीख गाळून टाकली आणि रेषेच्या पलीकडे उडी घेतली, तेव्हापासून या शेजाऱ्यांमध्ये एका दिवसाचं अंतर पडलंय. अशा ठिकाणी "किती तास?" या प्रश्नाचं उत्तर आईला काय द्यायचं, याचा मी बराच वेळ विचार केला.

अलास्काच्या दक्षिणेला कुठेतरी सूर्य मागे बुडाला. अंधार झाल्यावर मी इंटरनेट लावून फोन उघडला. आईचा एकच निरोप होता, चार तासांपूर्वीचा. "भाऊजींचा फोन आला. झालं. बरी आहे. शुद्धीवर आल्यावर तुझं नाव घेतलं."

चार तास तो निरोप हवेत होता आणि मीही. चार तास मी ज्याची भीती बाळगून बसले होते ते केव्हाच टळलेलं होतं. मी चेहरा खिडकीकडे वळवून घेतला आणि रडले. शेजारच्या बाईने न विचारता तिच्याजवळचा कागदी रुमाल माझ्या हातावर ठेवला.

न्यूयॉर्कवर उतरताना दुसऱ्यांदा उजाडत होतं. एका उड्डाणात दोन सूर्योदय. असं नाव असलेली एक खरीखुरी विमानसेवा होऊन गेली आहे. १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी असलेला हवाई मार्ग तुटला. मग १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासची कॅटालिना जातीची, पाण्यावर उतरणारी विमानं पर्थहून हिंदी महासागर ओलांडून श्रीलंकेतल्या कोग्गलाच्या तळ्यापर्यंत जायची. सुमारे ५,६०० किलोमीटर, मध्ये जमीन जवळपास नाहीच. इंधनाने विमान इतकं जड व्हायचं की उतारू नेता यायचे जास्तीत जास्त तीन. जपानी विमानं हुडकतील म्हणून रेडिओवर एक शब्द बोलायचा नाही, वाट ताऱ्यांवरून काढायची. वेळ लागायचा २७ पासून ३२ तासांपर्यंत. सगळ्यात लांबलेलं उड्डाण ३२ तास ९ मिनिटं हवेत होतं. प्रत्येक प्रवाशाला हवेतच दोनदा सूर्य उगवताना दिसायचा. म्हणून त्या सेवेला 'डबल सनराइज' म्हणत, आणि उतरल्यावर प्रवाशाला तसं प्रमाणपत्र मिळायचं. दोनशेच्या वर फेऱ्या झाल्या. बत्तीस तास मागच्या माणसांना एक अक्षरही कळत नसणार. माझ्या फोनमध्ये निरोप पडून होता आणि मी तो चार तास उघडला नव्हता. त्या प्रवाशांच्या घरच्यांना उघडायला काहीच नव्हतं.

चाकं टेकली तेव्हा मी पडद्यावरचा आकडा पाहिला. हवेत सतरा तास एकोणपन्नास मिनिटं. तिकिटावर होते अठरा तास चाळीस. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे विमानाच्या धावपट्टीपर्यंत चालण्याचा आणि चुकलीमाकली वेळ भरून काढण्याचा राखीव हिशोब. विमान कंपन्या प्रवास मोजतात तो चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा चाकांखाली ठोकळे लावेपर्यंत. वैमानिकाचे तास, वेळापत्रक, "विमान वेळेवर पोचलं" हा शेरा, सगळं या दोन ठोकळ्यांच्या मधलं. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं कुणी मोजत नाही.

रांग, शिक्का, बॅग, टॅक्सी. ताईच्या खोलीबाहेर भाऊजी उभे होते, दोन दिवसांची दाढी वाढलेली. त्यांनी दार ढकललं. ताईने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आलीस?" मी हाक मारायच्या आधीच.

मी लगेच आईला फोन लावला आणि ताईच्या कानाशी धरला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

महिन्याने घरी परतले तेव्हा ताईच्या घड्याळाखाली भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसला. आईचं अक्षर, पेन्सिलीने, मध्ये-मध्ये खोडलेलं. सगळ्या वेळा ताईच्या घड्याळातल्या. पहिली ओळ होती: "दार लावलं ९.४०". मग "विमान १", "सिंगापूर, फोन आला", "विमान २ सुटलं १२.३०". त्याच्या खाली कोपऱ्यात लहान अक्षरात "६ तास", आणि तो आकडा गोल करून ठेवलेला. मग नुसते तास, एकेक करून खोडत नेलेले, तुरुंगात दिवस मोजतात तसे. एका ठिकाणी "भाऊजी. झालं." त्या ओळीखाली दोन रेघा. विमान उतरल्याची नोंद होती, पण तिथे तिने बेरीज केलेली नव्हती. बेरीज अगदी खाली होती.

"दोघी भेटल्या ९.२०. एकूण ३५ तास ४० मिनिटं."